विश्लेषण : रस्ता मोकळा दिसतो, मग घाट बंद का? पावसाळी रोड ट्रिपआधी हे समजून घ्या

हिमालयात बर्फ पडला की रस्ता आपोआप बंद होतो. सह्याद्रीत पाऊस कितीही पडला तरी रस्ता उघडाच दिसतो. त्यामुळेच दासगाव, महाड, पोलादपूर पट्ट्यातील वरंधा आणि आंबेनळी घाटांबाबतचे बंदीचे आदेश अनेकांना अनावश्यक वाटतात. हे आदेश का निघतात, दरड कशी सुटते, ओल्या उतारावर गाडी किती अंतरात थांबते आणि मित्रांबरोबर निघण्याआधी कोणते निर्णय घरीच घ्यावेत, याचा हा आढावा.

‘ऑफ सीझन’चे आकर्षण काय?

पर्यटनात ऑफ सीझन म्हणजे गर्दी कमी आणि दरही कमी. मुंबई-पुण्याच्या तरुण गटांत त्याचे दोन प्रकार लोकप्रिय आहेत. पहिला म्हणजे हिवाळ्यात हिमालयात गाडी घेऊन बर्फ पाहायला जाणे. दुसरा त्याहून स्वस्त आणि जवळचा. जुलै-ऑगस्टमध्ये शुक्रवारी रात्री निघायचे, कोकणातून घाट चढून महाबळेश्वर किंवा भोर गाठायचे आणि रविवारी रात्री परत यायचे. सुटी टाकावी लागत नाही. हॉटेलचे दर मे महिन्यापेक्षा उतरलेले असतात. धबधबे, धुके आणि हिरवे डोंगर तर फुकट.

या दुसऱ्या प्रकारातील बहुतेक गाड्या मुंबई-गोवा महामार्गाने दासगाववरून जातात. सावित्री नदीच्या काठावरचे हे गाव एकेकाळी बंदर होते, कारण भरतीचे पाणी खाडीतून इथपर्यंत येते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने दासगाव बंदरातच उतरले होते. तिथून महाड साधारण आठ किलोमीटर.

महाडच्या पुढे राजेवाडी फाट्यावरून डावीकडे वळले की बिरवाडीमार्गे वरंधा घाट आणि भोर. सरळ गेले की पोलादपूर. तिथून डावीकडे आंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या पायथ्यावरून महाबळेश्वर, तर सरळ कशेडीमार्गे खेड. पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. तेवढ्यात गाडी जवळजवळ समुद्रसपाटीपासून १,३७० मीटरपर्यंत चढते. पावसाळ्यात धोका असतो तो याच चढणीवर.

बर्फाचा घाट आणि पावसाचा घाट यांत फरक काय?

मनालीजवळच्या रोहतांग खिंडीची उंची ३,९७८ मीटर आहे. हिवाळ्यात तिथे इतका बर्फ साचतो की रस्ता दिसतच नाही. मनाली-लेह मार्गही हिवाळ्यात बंद असतो आणि सीमा रस्ते संघटना बर्फ हटवते तेव्हाच तो पुन्हा सुरू होतो. गाडीसमोर बर्फाची भिंत उभी असताना ‘बघू, हळूहळू जाऊ’ म्हणायची सोयच नसते.

सह्याद्रीत तसे होत नाही. २४ तासांत ३०० मिलिमीटर पाऊस पडला तरी डांबर जागेवर असते. कठडा जागेवर असतो. समोरून एखादी दुचाकीही येताना दिसते. धोका रस्त्यावर नसून शेजारच्या डोंगराच्या पोटात साचत असतो, आणि तो गाडीतून दिसत नाही. बर्फ रस्ता अडवून इशारा देतो. पाऊस असा इशारा देत नाही. म्हणून इथे ‘घाट बंद’ या फलकाला महत्त्व आहे. समोर काय दिसते त्यापेक्षा जे दिसत नाही त्याची माहिती तो फलक देत असतो.

बर्फातही सारेच नजरेला पडते असे नाही. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथू ला रस्त्यावर ‘फिफ्टीन माइल’जवळ हिमकडा कोसळून सात पर्यटकांचा मृत्यू झाला. पर्यटकांना तेव्हा ‘थर्टीन माइल’पर्यंतच परवाने दिले जात होते. त्याच्या पुढचा रस्ताही डोळ्यांना मोकळाच दिसत होता.

दरड नेमकी कशी सुटते?

सह्याद्री हा बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या कातळाचा डोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. काही थरांमध्ये लालसर मातकट पट्टे आहेत. घाट चढताना कापलेल्या डोंगरात ते अनेकदा दिसतात. वरच्या भागात झिजलेला मुरूम आणि माती. कातळ पाणी सहज आत घेत नाही. मुरूम आणि माती मात्र भरपूर घेते.

समुद्रकिनाऱ्यावर वाळूचा किल्ला करताना जे घडते, तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडते. वाळू थोडी ओली असेल तर किल्ला उभा राहतो. पाणी वाढत गेले की एका क्षणी तो ढासळतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी भरले की ते कणांना एकमेकांपासून दूर ढकलते. कणांमधले घर्षण कमी होते. त्याच वेळी मातीचे वजन वाढलेले असते. खाली गुळगुळीत कातळ, वर जड झालेली माती आणि मध्ये पाणी, अशी स्थिती आली की संपूर्ण थर घसरतो.

रस्त्यामुळे यात भर पडते. घाटरस्ता करताना डोंगराचा पायथा कापावा लागतो. वरच्या मातीला खालून मिळणारा आधार तिथे कमी होतो. मोऱ्या किंवा गटारे तुंबली तर पाणी रस्त्याखालच्या भरावात मुरते. मग कधी वरून दरड येते, तर कधी रस्त्याची दरीकडची बाजूच खचते. खचलेला रस्ता वरून शाबूत दिसू शकतो, खालचा भराव मात्र गेलेला असतो.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली, जूनच्या पहिल्या पावसापेक्षा जुलैच्या उत्तरार्धातील तेवढाच पाऊस अधिक धोकादायक, कारण तोपर्यंत जमीन भिजून भरलेली असते. दुसरी, पाऊस थांबला म्हणजे धोका संपला असे नाही. वर पडलेले पाणी आत मुरायला वेळ लागतो. ऊन पडल्यावरही दरड येऊ शकते.

या पट्ट्याने आजवर काय पाहिले?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांसाठी ही पुस्तकी माहिती नाही.

* जुलै २००५ : अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. दीडशेहून अधिक जणांचा मृत्यू झाला. महामार्गावरून दासगाव ओलांडताना जो हिरवा डोंगर फोटोत येतो, त्याच्या कुशीतले हे गाव आहे.

* २ ऑगस्ट २०१६ : महाड आणि पोलादपूरदरम्यान सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल रात्रीच्या पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन बस आणि एक खासगी गाडी नदीत गेली. सुमारे ४० जणांचा जीव गेला. रात्रीच्या अंधारात पूल तुटल्याचे येणाऱ्या चालकांना कळण्याची शक्यताच नव्हती. नवा पूल जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

* २८ जुलै २०१८ : दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील सहकाऱ्यांचा एक गट शनिवारी सकाळी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाला होता. आंबेनळी घाटात त्यांची बस शेकडो फूट खोल दरीत कोसळली. ३० जणांचा मृत्यू झाला, एक जण वाचला. महाबळेश्वर ट्रेकर्ससह स्थानिक गिर्यारोहकांनी पावसात आणि धुक्यात दोर लावून दरीत उतरून मृतदेह वर आणले.

* २२ जुलै २०२१ : महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. ८० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ६० सेंटीमीटर पावसाची नोंद झाली. आंबेनळी घाटात रस्ता अनेक ठिकाणी तुटला आणि तो दीर्घकाळ बंद राहिला.

या चारही घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आतल्या आहेत. रोड ट्रिपसाठी सर्वाधिक पसंतीचे शनिवार-रविवारही नेमके याच काळातले असतात.

ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबते?

ब्रेक दाबल्यावर गाडीला थांबवते ते टायर आणि रस्ता यांमधले घर्षण. कोरड्या डांबरावर ते भरपूर असते. ओल्या रस्त्यावर बरेच कमी होते. बर्फावर त्याहून कमी. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर किती अंतर कापेल, याचा साधारण हिशेब असा :

* कोरडे डांबर : ९ मीटर
* ओले डांबर : १६ मीटर
* दाबला गेलेला बर्फ : ३१ मीटर
* गोठलेल्या पाण्याची काच : ६३ मीटर

यात चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला तर आणखी ११ मीटर वाढतात. उतार असेल तर अंतर पुन्हा वाढते. दर १२ मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर ओल्या डांबरावरचे १६ मीटर २० होतात. घासलेले टायर, रस्त्यावर वाहून आलेली माती आणि शेवाळ हे सगळे त्याच्यावर. आंबेनळीच्या अनेक वळणांवर पुढचा रस्ता २० मीटरही दिसत नाही.

उतारावर ब्रेक दगा का देतात?

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना गाडी जवळपास १,३०० मीटर खाली येते. पाच मित्र आणि सामान धरून दीड टन वजनाची गाडी एवढी खाली आणायची, तर सुमारे १९० लाख ज्यूल ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. म्हणजे साधारण पाच युनिट वीज. साध्या भाषेत, ५५ लिटर थंड पाणी उकळायला जेवढी उष्णता लागेल तेवढी. काही भाग हवेच्या आणि टायरच्या विरोधात जातो. उरलेला सगळा भार ब्रेकवर टाकला, तर चार चाकांवरच्या छोट्या डिस्क आणि लायनरना ती उष्णता सोसावी लागते.

ब्रेक खूप तापले की लायनरची पकड सुटते. ब्रेक ऑइल तापून त्यात वाफेचे बुडबुडे झाले तर पेडल दाबूनही दाब चाकापर्यंत पोचत नाही. ‘ब्रेक फेल’ अशा बातम्यांमागे अनेकदा हेच कारण असते. ब्रेक बिघडलेले नसतात, अतिवापराने थकलेले असतात.

उपाय जुना आहे आणि कोकणातील प्रत्येक एसटी चालकाला ठाऊक आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. ब्रेक थोडा वेळ दाबून सोडायचा, सतत पाय ठेवायचा नाही. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणे हा उतारावरचा सर्वांत महागडा सौदा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरायचा. तो कसा लावतात, हे निघण्याआधी घरीच पाहून ठेवावे.

धुक्यात वेग किती असावा?

घाटरस्ता अरुंद असतो. समोरची गाडी वळण कापून आपल्या बाजूला आली, तर दोघांनाही थांबायला दिसणाऱ्या अंतराचा अर्धाच भाग मिळतो. धुक्यात ३० मीटरपर्यंत दिसत असेल तर आपल्या वाट्याला येतात १५ मीटर. ओल्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाला, विचाराचा एक सेकंद धरून, १७ मीटर लागतात. म्हणजे ३० हा वेगही जास्तच. ताशी २५ ला १३ मीटर लागतात. तेवढाच सुरक्षित.

दिव्यांबाबत दोन चुका सर्रास होतात. हाय बीम लावला की प्रकाश धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांवर येतो, म्हणून लो बीम ठेवावा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावले की गाडी थांबली आहे की चालते आहे, वळणार आहे की सरळ जाणार आहे, हे मागच्याला कळत नाही. ते फक्त थांबलेल्या गाडीसाठी आहेत.

घाट बंद करण्याचा आदेश कोण काढतो? तो मोडला तर?

रस्ता ज्या यंत्रणेकडे आहे ती आपला अहवाल देते आणि जिल्हाधिकारी वाहतूक बंदीचा आदेश काढतात. त्यासाठी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ चा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आधार घेतला जातो. वरंधा घाटात अलीकडच्या पावसाळ्यांत अवजड वाहनांना पूर्ण बंदी आणि ऑरेंज किंवा रेड अलर्ट असताना सर्वच वाहनांना बंदी, असे आदेश निघाले आहेत. घाटाची एक बाजू रायगड जिल्ह्यात आणि दुसरी पुणे जिल्ह्यात असल्याने दोन्हीकडचे आदेश पाहावे लागतात. आंबेनळीबाबत रायगड आणि सातारा.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५१ नुसार सबळ कारणाशिवाय असा आदेश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा जीव धोक्यात आला, तर ही कैद दोन वर्षांपर्यंत जाते. भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ ही लागू होऊ शकते.

शिक्षेपेक्षा महत्त्वाची बाब वेगळी आहे. पर्यटकांसाठी ऑफ सीझन असला, तरी घाटातल्या वाड्यावस्त्यांसाठी रस्ता बाराही महिने लागतो. दवाखाना, शाळा, बाजार, एसटी, सारे त्याच एका रस्त्यावर. धबधब्यासमोर वळणावर उभी केलेली एक गाडी रुग्णवाहिका अडवू शकते. बंदी मोडून वर गेलेला गट अडकला तर त्याला शोधायला त्याच पावसात, त्याच दरडीखालून कुणाला तरी जावे लागते. २०१८ मध्ये दरीत उतरणाऱ्यांनाही तो उतार तेवढाच निसरडा होता.

हवामानाचा इशारा कसा वाचायचा?

भारतीय हवामान विभाग चार रंग वापरतो. हिरवा म्हणजे विशेष इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे कृती करा. पावसाची भाषाही ठरलेली आहे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर गेला की ‘अत्यंत जोरदार’.

इथे एक गल्लत होते. मोबाइलवर ‘रायगड : यलो’ दिसले की गट निश्चिंत होतो. पण अंदाज अनेकदा जिल्ह्याच्या पातळीवर असतो, आणि किनाऱ्यावरच्या अलिबागचा पाऊस वेगळा, घाटमाथ्यावरचा वेगळा. महाबळेश्वरचा वर्षाचा सरासरी पाऊसच साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक आहे. म्हणून रायगडबरोबर सातारा आणि पुणे घाट परिसराचा अंदाजही पाहावा. उद्याच्या अंदाजाइतकेच महत्त्व मागच्या तीन दिवसांत किती पडला याला आहे, कारण डोंगराच्या पोटात किती पाणी आधीच भरलेले आहे ते त्यावरून समजते. निघताना हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही तपासावा.

परतीचाही विचार हवा. सावित्रीत भरतीचे पाणी वर येते. घाटमाथ्यावरचा पूर आणि मोठी भरती एकाच वेळी आली की महाड परिसरात पाणी चढते. वर महाबळेश्वरला ऊन असताना खाली रस्ता पाण्याखाली असू शकतो.

मग निर्णय कुठे आणि कसा घ्यायचा?

गटाने प्रवास करताना सर्वांत कठीण वाक्य असते, ‘परत फिरूया का?’ हॉटेलचे पैसे भरलेले असतात. सुट्या जुळवायला महिना लागलेला असतो. जो बोलेल तो भित्रा ठरतो. त्यामुळे घाटात पोचल्यावर निर्णय घ्यायचा असे ठरवले, की तो बहुतेक वेळा पुढे जाण्याचाच होतो. हे टाळण्यासाठी अटी आधीच ठरवाव्यात.

* घरी : घाटमाथ्याला लाल इशारा असेल किंवा घाट बंदीचा आदेश असेल तर निघायचे नाही. रद्द करता येईल असेच बुकिंग करावे.
* महाड किंवा पोलादपूरला : फाट्यावर थांबून पोलिसांना किंवा वरून आलेल्या एसटी-टेम्पोच्या चालकाला रस्ता विचारावा. नकाशाच्या अॅपवर रस्ता निळा दिसणे हा घाट सुरू असल्याचा पुरावा नव्हे.
* वेळ : घाट उजेडातच चढावा आणि उजेडातच उतरावा. रात्रभर गाडी चालवून पहाटे घाट गाठण्याचा बेत टाळावा.
* नकाराचा हक्क : गाडीतल्या कुणाही एकाला ‘नको’ वाटले तर परत फिरायचे, हे निघतानाच ठरवावे. चालक थकला असेल तर त्याचा शब्द अखेरचा.
* घाटात : बारीक खडे पडताना दिसणे, झाडे किंवा खांब कललेले असणे, रस्त्याला नव्या भेगा, ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, ही दरडीची पूर्वसूचना असू शकते. तिथे फोटोसाठी थांबू नये. दरडीने रस्ता अडलेला असेल तर ढिगाऱ्यावरून गाडी घालू नये. मागे, डोंगरापासून मोकळ्या जागी जावे.
* क्रमांक : आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. घाटात रेंज जाते, म्हणून बेत आणि वेळ घरी कुणाला तरी सांगून ठेवावी.

वरंधा आणि आंबेनळी दोन्ही बंद असतील तर देशावर जाणारी वाहतूक माणगावहून ताम्हिणी किंवा चिपळूणहून कुंभार्ली घाटाने वळते. हेही पावसाळी घाटच आहेत. पर्यायी मार्ग आहे म्हणजे तो सुरक्षित आहे असे गृहीत धरू नये. दक्षिणेकडे खेडला जाणाऱ्यांना मात्र दिलासा आहे. २०२३ च्या गणेशोत्सवाआधी कशेडीच्या बोगद्यातून वाहतूक सुरू झाली आणि जुन्या घाटाची वळणे टाळता येऊ लागली.

बर्फातच जायचे असेल तर?

सह्याद्रीत गाडी चालवण्याचा सराव हिमालयात उपयोगी पडतो, पण पुरत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलला हिवाळ्यातही जाता येते, आणि त्यामुळे बर्फाचा अनुभव नसलेल्या गाड्याही तिथे पोचतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फवृष्टीत सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या. पर्यटकांना बाहेर काढायला पोलिसांना रात्रभर झटावे लागले.

बर्फात चाकांना साखळ्या लागतात आणि त्या बसवण्याचा सराव आधी हवा. कोकणातून निघालेल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये निव्वळ पाणी असेल तर ते गोठून इंजिन फुटू शकते, म्हणून योग्य कूलंट भरून घ्यावे. साधे डिझेलही कडाक्याच्या थंडीत घट्ट होते. लडाखसारख्या भागांसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे विशेष डिझेल आणले, ते याच कारणाने.

सर्वांत मोठा धोका मात्र अडकल्यानंतरचा असतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहायला आलेल्या हजारो गाड्या रस्त्यात अडकल्या आणि २० हून अधिक पर्यटक गाड्यांतच मरण पावले. सायलेन्सर बर्फाखाली दबला असताना हीटरसाठी इंजिन चालू ठेवले, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो. अडकलेल्या गाडीत इंजिन थोडाच वेळ चालवावे, त्याआधी सायलेन्सर मोकळा करावा आणि एक काच किंचित उघडी ठेवावी.

सहल रद्द करायची का?

तसे नाही. पुढे ढकलायची. सप्टेंबरच्या अखेरीपासून पाऊस ओसरू लागतो. धबधबे अजून वाहत असतात, डोंगर हिरवेच असतात, रानफुले फुललेली असतात आणि दिवाळीची गर्दी सुरू झालेली नसते. हॉटेलचे दरही तोपर्यंत फारसे चढलेले नसतात. जुलैत जायचेच असेल तर महाड-पोलादपूरच्या खालच्या भागापुरता बेत करता येतो. इशारा आला तर महाडमध्येच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत फिरता येते.

आंबेनळीचा रस्ता ब्रिटिश काळात फिट्झगेराल्ड घाट म्हणून बांधला गेला. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात तो कुठे ना कुठे खचतो आणि पुन्हा दुरुस्त होतो. दसऱ्याला तो तिथेच असेल.